कोरा नमुना

३ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही. पत्ता मी आत्याच्या पार्सलच्या पावतीवरून चोरला. तिनं दिलेला नाही, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. तुला सहावा महिना लागलाय हेही तिच्याच बोलण्यातून निसटलं. काळजी घे असं लिहायला हात धजत नाही. मी तुझी काळजी घ्यायला गेले की काय होतं, ते तुला माहीत आहे.

लिहायचं कारण एकच, मी घाबरलेय. लहानपणी पलंगाखाली काही हललं की मी तुलाच उठवायची. तू शिव्या घालत उठायचीस, वाकून बघायचीस आणि सांगायचीस, "काही नाही, झोप." तेवढंच वाक्य ऐकायचंय. बाबा ते म्हणत नाहीत. आत्या म्हणते, पण ती न वाकताच म्हणते.

मी इथे विद्यापीठात विषशास्त्रात डॉक्टरेट करतेय, हे तिनं सांगितलंच असेल. शेजारणींना ती "पोरगी औषधांचं शिकते" असं सांगते. मी निघाले तेव्हा म्हणाली होती, विषाची परीक्षा घेऊ नये गं बाई. मी म्हटलं, घेत कुठे, देतेय. ती हसली नाही. दोन महिन्यांनी एकदा तिचं पार्सल येतं: पायमोजे, दोन रुमाल आणि तिच्या हातची क्रीमची डबी. "संशोधन करतेस म्हणून चेहऱ्याकडे दुर्लक्ष नको," अशी चिठ्ठी. तुलाही येतच असेल.

काम असं आहे. थर्मामीटर बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या शरीरात किती पारा गेलाय ते मी मोजते. त्यांची सकाळची लघवी बाटलीत घेते आणि यंत्राला दाखवते. पण यंत्राला आधी कोरं म्हणजे काय ते शिकवावं लागतं, म्हणजे ज्यांचा पाऱ्याशी संबंध नाही अशा माणसांची लघवी. ती कोण देणार? आम्हीच. दर ऑगस्टला लॅबमधले दहा जण आपापली बाटली आणतात, सगळं एका मोठ्या कॅनमध्ये एकत्र होतं आणि वर्षभर तेच कोरं म्हणून वापरलं जातं. कॅनचं नाव मटका. गेल्या वर्षी मी तापानं आडवी होते, म्हणून या वर्षी मी पहिल्यांदाच मटक्यात भर घातली. सर म्हणतात, विष शोधणं सोपं, कोरं ठरवणं कठीण.

शुक्रवारी मटक्याचा आकडा दहा आला. दरवर्षी दोन असतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, कुणाच्या तरी हातून घाण झाली आहे. बाटल्या मी धुते, ताई. आम्लात बुडवून, तीनदा पाण्यानं, पालथ्या घालून. माझं धुणं खोटं ठरलं तर दोन वर्षांचे सगळे आकडे खोटे. गेल्या महिन्यात अकरा कामगारांना मी "तुम्ही ठीक आहात" असे कागद दिलेत, ते आता परत मागवायचे आहेत.

शुक्रवारपासून हात थरथरताहेत. खोलीच्या कुलपात किल्ली जात नाही. भीतीनं असेल.

धाकटी

(तू ठेवलेल्या नावानं सही करणार होते. पण आता तो हक्क नाही.)

१० सप्टेंबर

ताई,

आता हे कुणालाही न सांगण्यासारखं आहे, म्हणून तुला सांगते.

मटक्यात ओतण्याआधी प्रत्येकाच्या बाटलीतलं थोडं आम्ही बाजूला ठेवतो. सरांनी मला ते दहाच्या दहा वेगळे मोजायला सांगितले. बाटल्यांवर नावं नसतात, फक्त नंबर. कुणाचा कोणता ते माझ्याच वहीत. पहिल्या सहा बाटल्या दीड, दोन, अडीच अशा आल्या. सातवी आली चौऱ्याऐंशी. मी यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा त्र्याऐंशी. वही उघडायची गरजच नव्हती, सात नंबर मी आहे.

कारखान्यात सर्वांत जास्त आकडा आलेला माणूस भट्टीपाशी एकोणीस वर्षं बसतोय. त्याचा सत्तर आहे.

मी सरांना काय सांगितलं माहीत आहे? सात नंबरच्या बाटलीला चीर होती, टाकून दिली. सर म्हणाले, बरं, मग नऊ जणांचा नवा मटका करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण खोटं बोलावं आणि समोरच्यानं सहज विश्वास ठेवावा, याच्याइतकी भीती कशाचीच वाटत नाही. तुला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. ते मी नंतर लिहीन.

खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकायची बंदी झाली असती. नियमच आहे. आणि मी परत घरी जाऊन काय करू, बाबांच्या समोर बसून त्यांचं न बोलणं ऐकू?

आता सगळीकडे तेच दिसतं. तोंडात सकाळी नाणं चघळल्यासारखी चव असते. ब्रशला रक्त लागतं. झोप दोन-तीन तास. काल वर्गात पाच मिनिटं बोलायचं होतं, मी दारापर्यंत गेले आणि कपाटामागे जाऊन उभी राहिले. खरंच, उभी राहिले, एखाद्या पोरासारखी. नळ, पेला, टेबल, दरवाजाची मूठ, सगळं संशयास्पद. हातमोजे घालून मी खोलीत पुस्तक वाचते.

पारा माझ्या अंगात जातोय कुठून? मी कारखान्यात मास्क लावते. नमुन्यांना हात लावत नाही. तेव्हा उरतं एकच. कुणीतरी घालतंय.

धाकटी

२३ सप्टेंबर

ताई,

पहिलं पत्र परत आलं. पाकीट जसंच्या तसं, वर शिक्का: घेण्यास नकार. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी वाटलं की निदान पत्ता बरोबर आहे. दुसरंही वाटेत असेलच. तरी लिहीत राहणार. ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही, आणि न ऐकणाऱ्याला सांगणं सोपं जातं.

लॅबमध्ये एक जण आहे. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण चार वाजले की तो बाहेरच्या व्हरांड्यात किटली लावतो. पावसात, परीक्षेत, एकदा तर आगीची घंटा वाजत असताना. कुणाचा कप कुठला ते त्याला पाठ. माझा निळ्या कडेचा. आम्ही दोघं एकाच जागेसाठी धडपडतोय. सरांच्या नव्या कामात एकच माणूस घेतला जाणार आहे. पाऱ्याची बाटली ज्या कपाटात असते त्याच्या दोन किल्ल्या. एक सरांकडे, एक घड्याळाकडे.

तू म्हणशील, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मीही तेच म्हटलं. म्हणून सोळा तारखेपासून मी त्याचा चहा बंद केला आणि रोज सकाळी, कुणी यायच्या आत, स्वतःचा नमुना मोजायला लागले. सात नंबरच. रोज. वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहिते.

१६ ला शहाऐंशी. १८ ला ब्याऐंशी. २० ला अठ्ठ्याहत्तर. आज चौऱ्याहत्तर.

चहा सोडला आणि आकडा उतरायला लागला. मला आनंद व्हायला हवा ना? पण मी लॅबच्या मोरीत उभी राहून रडले. म्हणजे खरंच कुणाला तरी मी मरायला हवी आहे. रोज चार वाजता तो विचारतो, "आज पण नको?" किती साधेपणानं विचारतो.

बाकी बरं आहे म्हणायचं. आत्याची डबीही गेल्या आठवड्यात संपली. आरशात तोंड इतकं ओढलेलं दिसतं की पार्सल उशिरा आलेलंच बरं, तिनं फोटो मागितला तर काय पाठवू.

धाकटी

१ ऑक्टोबर

ताई,

आज मी फार वाईट वागले.

आकडा सत्तरवर आला होता. व्हरांड्यात सगळे होते. सर, दोन नव्या मुली, यंत्र दुरुस्त करणारा माणूस. घड्याळानं सवयीनं माझाही कप भरला आणि पुढे केला. माझा तोल गेला. मी ओरडले की यात काय घातलंस ते सर्वांसमोर सांग. कप खाली ठेवायचा होता, तो हातातून उडाला, त्याच्या शर्टावर सांडला. पुढे काय काय बोलले ते नीट आठवत नाही. आवाज माझा नव्हता. तुझा होता, ताई. अगदी तुझा. त्या दिवशी कुकरचं झाकण फेकतानाचा.

त्यानं किटलीतलं उरलेलं सगळं माझ्या निळ्या कपात ओतलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मग लॅबमध्ये गेला, एक रिकामी बाटली घेऊन बाहेर गेला, भरून आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "मोज. उद्याची पण देतो. परवाची पण."

मोजली. दोन.

चार दिवस रोज देतोय. दोन, दोन, दीड, दोन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चोर मीच आहे आणि चांदणंही माझंच. सरांनी खोलीत बोलावलंय, सोमवारी. मी जाणार नाही असं वाटतं. पलंगावर बसून दाराकडे बघत राहते.

आत्याचं पार्सल आलं. पायमोजे हिरवे आहेत. निदान एक डबी तरी वेळेवर आली.

धाकटी

(वर चार दिवस लिहिलंय ते खरं आहे. हे पत्र मी एकाच बैठकीत लिहू शकले नाही. आज पाच तारीख.)

११ ऑक्टोबर

ताई,

हे नीट वाच. उघडलं नसशील तर, कृपा करून, उघड.

सोमवारी मी सरांकडे गेले. वही पुढे ठेवली आणि सात नंबरची बाटली चिरलेली नव्हती हे सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. सत्तरपर्यंत उतार. मग दोन ऑक्टोबरपासून चढ: अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी, त्र्याण्णव.

"चहा पुन्हा सुरू केलास?"

मी नाही म्हटलं.

"मग सोळा तारखेला चहाशिवाय आणखी काय थांबलं होतं?" ते म्हणाले. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, ही त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. मला काही आठवेना. तेव्हा त्यांनी खणातून आमचा कामगारांना विचारायचा छापील कागद काढला आणि म्हणाले, तू भर. स्वतःसाठी.

त्यात बावीस प्रश्न आहेत, मीच तयार केलेले. त्रेसष्ट कामगारांना मी ते तोंडी विचारलेत. पाणी कुठलं पिता, दातात चांदी भरली आहे का, घरात थर्मामीटर फुटला होता का. भरत भरत चौदाव्यावर आले. चौदावा असा: चेहऱ्याला किंवा केसांना रोज काही लावता का?

ताई, त्रेसष्ट माणसांना विचारलेला प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चहा सोडला त्याच आठवड्यात डबी संपली होती. पार्सल आलं आणि आकडा चढला.

नखावर मावेल एवढी क्रीम मी आम्लात विरघळवली आणि यंत्राला दिली. यंत्र बंद पडलं. सरांनी ती हजार पट पातळ करायला लावली, मग आकडा दिसला. शंभर ग्रॅम क्रीममध्ये जवळजवळ दोन ग्रॅम पारा. भट्टीपाशी बसणारा तो माणूस हे ऐकून हसला असता.

मी लगेच आत्याला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी तुम्हाला विष घातलं, असं म्हणायचंय तुला?"

"तू नाही घातलंस. पण त्यात आहे, आत्या. तू जी पांढरी पूड मिसळतेस ना, तिच्यात."

"मोत्याची पूड आहे ती. वीस वर्षं एकाच दुकानातून आणते." "तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. शेंबूड मी पुसलाय तुझा. आता यंत्र सांगणार होय मला?"

मी म्हटलं, ताईला एवढंच कळव, लावू नकोस म्हणून. फक्त एवढं. तुझा नंबर मागितला. तर ती म्हणाली, तिला परवाच पाठवली. मोठी तिला आणि छोटी येणाऱ्या बाळाला. आंघोळीनंतर अंगाला चोळायला. "बाळ उजळ निघालं की चार दारं आपोआप उघडतात. तुझ्या ताईचं तोंड बघून किती दारं बंद झाली ते मी पाहिलंय." आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. बाबांना लावला. ते म्हणाले, तुमच्या बायकांच्या भानगडीत मी पडत नाही.

छोटी डबी, ताई. बाळासाठी.

बाळापर्यंत किती पोचतं, हे पुस्तकात कुठेच ठामपणे लिहिलेलं नाही. मी सगळी पुस्तकं पाहिली. ठाम एवढंच आहे की थांबवलं की उतरतं. आज थांबवलं तर आजपासून.

मी आत्ताच्या आत्ता तुझ्याकडे निघाले असते. पण विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात भरती केलंय. मूत्रपिंडं सुजली आहेत म्हणे. आठवडाभर हलायचं नाही.

धाकटी

१२ ऑक्टोबर

ताई,

तीन पत्रं आज एकदम परत आली. घड्याळ दवाखान्यात घेऊन आला. तीन शिक्के. पाकिटं उशाशी ठेवून तो खुर्चीवर बसला. कालचंही परत येईल.

आता जे नंतर लिहीन म्हटलं होतं ते लिहिते.

पाच वर्षांपूर्वी बाबांनी तुला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या कुणीतरी लक्षणं लिहून आणा. बाबांनी ते काम मला दिलं, कारण मी विज्ञानाची. तुला वाटलं मी ते दुष्टपणानं लिहिलं. तसं नव्हतं. मला ते आवडलं होतं, ताई, हे त्याहून वाईट आहे. मी तारखेवार लिहिलं, आखून. तीन पानं. माझं आयुष्यातलं पहिलं संशोधन.

माझ्याकडे कार्बन प्रत आहे. आज घड्याळाकडून मागवली. वाचून दाखवते.

हात थरथरतात, कप सांडते. रात्री झोपत नाही. आधी चार-चार तास अभ्यास लक्षात राहायचा, आता पान उलटलं की विसरते. पाहुणे आले की खोलीत लपते. क्षुल्लक गोष्टीवरून संतापते, झाकण फेकलं (माझ्या कपाळाला तीन टाके). हिरड्यांतून रक्त. लाळ. मग लगेच रडते, माफी मागते.

आणि खाली, दोन रेघा मारून, माझा निष्कर्ष: स्वभावदोष. परीक्षेच्या अपयशामुळे वाढलेला.

आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला एक धडा आहे. त्यात पाऱ्याची लक्षणं याच क्रमानं दिली आहेत. मी त्या पेपरात पहिली आले होते. तरी मला ही पानं आठवली नाहीत. मी सगळं बरोबर पाहिलं, बरोबर लिहिलं आणि दोन रेघांखाली तुला वेडी ठरवलं. तू ती पानं डॉक्टरच्या टेबलावरून उचललीस आणि म्हणालीस, "माझ्यावर टिपणं काढलीस? उंदरावर काढतात तशी?" आणि त्याच कपड्यांनिशी गेलीस.

चौदाव्या वर्षापासून तुला आत्या ती लावत होती. तुझ्या बोटाला उरलेली तू माझ्या नाकाला लावायचीस. आपण हसायचो. तू तापट, मी भित्री भागूबाई, असं सगळं घर म्हणायचं. डॉक्टर काल म्हणाले, पारा माणसाला चिडकाही करतो आणि भित्राही. मी विचारलं, मग मी मुळात कशी आहे? त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मला खरंच माहीत नाही, ताई. आत्ता वाटतेय ती भीती माझी किती आणि त्याची किती, हे मोजायला कोरं काहीच उरलेलं नाही.

पण छोट्या डबीची भीती माझी आहे. ती मी ओळखते.

हे पाकीटही परत येणार. दुसऱ्याच्या अक्षरात पत्ता घातला तर उघडशील, पण आत माझं अक्षर दिसलं की फाडशील. घड्याळ म्हणाला, "पोस्टकार्ड टाक. ते फाडायच्या आधी वाचलं जातं." मी म्हटलं, पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील, भाऊजी वाचतील, तिची लाज जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे की."

धाकटी

१३ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

ताई, आत्याची क्रीम लावू नकोस. त्यात पारा आहे, मी मोजलाय. बाळाची छोटी डबी उघडूसुद्धा नकोस. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण लावू नकोस. डॉक्टरांना हे कार्ड दाखव.

१४ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

ताई, कालचंच पुन्हा. क्रीम लावू नकोस. डबी फेकू नकोस, झाकण घट्ट लावून कुणाच्याही हाताला लागणार नाही अशी ठेव. हात साबणानं धू. उशीचा अभ्रा बदल.

१५ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

ताई, तू वेडी नव्हतीस. हे पोस्टमननंही वाचावं आणि सगळ्या गल्लीनंही. तू वेडी नव्हतीस, चूक माझी होती. क्रीम लावू नकोस.

३० ऑक्टोबर

ताई,

मधल्या दिवसांबद्दल काय लिहू? रोज एक कार्ड लिहायची, घड्याळ चार वाजता येऊन न्यायचा. कार्ड परत येत नाहीत, म्हणून पोचली की गटारात गेली ते कळायचा मार्ग नव्हता. डोळे मिटले की छोट्या डबीचं झाकण फिरताना दिसायचं. शेजारच्या पलंगावरच्या आजी म्हणायच्या, कुणाची वाट बघतेस एवढी? मी म्हणायची, बहिणीची. येणार आहे का? नाही.

काल पार्सल आलं.

लॅबमध्ये आमची एक पद्धत आहे. वाचलेला आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि पुन्हा लिहायचा, म्हणजे डोळ्यांनी फसवलं असेल तर कळतं. मागच्या वेळी मी ते केलं नाही. म्हणून तू जे पाठवलंस ते मी तुलाच परत लिहून दाखवतेय. चुकले असेन तर सांग.

मोठी डबी. वरून थोडी वापरलेली, बोटांच्या खुणा आहेत. छोटी डबी. झाकणावरची चिकटपट्टी आत्यानं लावली तशीच. ही मी दिव्याखाली धरून तिन्ही बाजूंनी पाहिली. घड्याळाला दाखवली, सरांना दाखवली. उघडलेली नाही. मग मी खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

आणि ती तीन पानं. माझी मूळ पानं, घड्या पडून पडून सुटायला आलेली. पाच वर्षं तू ती जपून ठेवलीस हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या पानावर माझ्या दोन रेघा आहेत. निष्कर्षावर तू काट मारलेली नाहीस. त्याच्या खाली तुझं अक्षर आहे, वाकडं, ओळी सोडून खाली घसरलेलं:

"१७ ऑक्टो. कार्ड आलं. शेजारणीनं वाचून दाखवलं. संताप आला. मोठी लावली.

१८ ऑक्टो. दुसरं कार्ड. लावली नाही.

१९ ऑक्टो. तिसरं. दार लावून बसले. लावली नाही.

२१ ऑक्टो. बशी पडली. झोप दोन तास. बाळ हलतंय.

२२ ऑक्टो. डॉक्टरला कार्डं दाखवली. तपासणीला पाठवलं. तोंडात नाणं ठेवल्यासारखं वाटतं, पंधराव्या वर्षापासून. हे तुझ्या यादीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं."

माझं वाचन असं: सतरा तारखेला शेवटची लावली. आज तेरावा दिवस. आता खाली येत असणार. तपासणीचा आकडा तुला कळला असेल, मला अजून नाही. बाळ हलतंय म्हणजे हलतंय, त्याच्यापुढे मी काही वाचत नाही, वाचता येत नाही. भीती वाटते. ती तशीच लिहून ठेवते.

आत्याचा परवा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. शेवटी म्हणाली, "मलाही एक बाटली पाठवतेस का? माझेही हात हलतात. मी वय समजत होते." त्या दुकानात जाऊन तिनं पूड परत केली आहे. तिची क्रीम घेतलेल्या प्रत्येक शेजारणीच्या दारात जाऊन सांगतेय. काही जणी दार लावून घेतात म्हणाली.

आठवडाभर म्हणता म्हणता तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला सोडलं. माझा आकडा आज बावन्न. परवाच्या गाडीनं निघतेय, दोन दिवस लागतील. बरोबर चार कोऱ्या बाटल्या आणतेय, मीच धुतलेल्या, तीनदा. तुझ्या बाटलीवर सात नंबर घातलाय. तो आता माझ्याकडून रिकामा झालाय. न उघडलेली पाकिटंही आणते. वाचायची की चुलीत घालायची ते तू ठरव. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

तुझी शेवटची ओळ राहिली. ती मी पाच-सहा वेळा म्हणून पाहिली, मोठ्यानं. उतरवून घेते:

"शेपटे, मागच्या वेळी तू सगळं बरोबर लिहिलंस आणि चुकीचं वाचलंस. या वेळी नीट वाच."

वाचलं, ताई.

शेपूट